ट्यूब एक, माणसं सात

खरजेनं हैराण झालेल्या लेकराला कडेवर घेऊन आई दवाखान्यातून बाहेर पडते, तेव्हा तिच्या हातात एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर नाव एकच, लेकराचं. औषध एकच, मलमाची ३० ग्रॅमची ट्यूब. मेडिकलवाला ती कागदी पाकिटात घालून देतो आणि सांगतो, ‘रात्री लावा.’ घरी माणसं सात. सातही जण एका खोलीत, अंथरुणाला अंथरूण लावून झोपणारी. महिन्याभरानं तीच आई, तेच लेकरू, तोच दवाखाना. आणि प्रश्नही तिलाच विचारला जातो, ‘औषध नीट लावलं नाही का?’

तिनं नीटच लावलं होतं. चिठ्ठी अपुरी होती.

खरूज लेकराच्या अंगावर दिसली, तरी ती अख्ख्या घराची असते. औषध घरातल्या प्रत्येकानं, एकाच रात्री, खाज असो वा नसो, लावायचं असतं. नांदेडच्या डॉक्टर लेनमधली चिठ्ठी असो की जळकोटच्या डोंगरपट्ट्यातल्या उपकेंद्रातली, हे वाक्य प्रत्येक चिठ्ठीवर ठळक अक्षरांत असायला हवं. ते नसतं, म्हणून एकच लेकरू वर्षभर खाजवत राहतं आणि त्याची आई वर्षभर बोलणी खात राहते. आजचं सदर त्या आईच्या बाजूनं आहे.

उष्णता नाही, किडा

लेकराच्या बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या उठल्या की घरातून निदान तयार असतं. उष्णता झाली. रक्तात दोष आहे. पाणी बदललं. कुणाची तरी नजर लागली. सगळं चूक. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा पाडत जाते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोनेक आठवड्यांत नवी पिढी तयार होते. हा किडा उडत नाही, उडी मारत नाही, नुसता सरपटतो. म्हणून तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो तो अंगाला अंग बराच वेळ लागलं तरच. आईच्या कुशीत, आजीच्या मांडीवर, भावंडांच्या एकाच पांघरुणात.

इटलीतल्या जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या वैद्यानं १६८७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहिला आणि खरजेचं कारण तोच आहे असं लिहून ठेवलं. त्याला सव्वातीनशे वर्षं उलटून गेली. आपल्याकडे शिकलेल्या घरांतही अजून ‘रक्त साफ करायचं’ औषध आणलं जातं. रक्त साफच असतं. बोटांची बेचकी बघा, मनगट बघा, बेंबीभोवती बघा, कमरेला करदोटा बांधतो तिथं बघा. तान्ह्या बाळाचे तळहात, तळपाय आणि टाळूही बघा. रात्री खाज वाढते का आणि घरात आणखी कुणी खाजवतं का, एवढे दोन प्रश्न विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं.

दोष शेळीवर ढकलू नका. जनावरांच्या खरजेचा किडा वेगळ्या जातीचा. करडाला कवटाळून बसलेल्या पोराला चार दिवस खाज सुटेल, पण तो किडा माणसाच्या अंगावर संसार थाटत नाही. घरातली खरूज घरातल्या माणसांतूनच फिरते.

‘मला कुठं खाजायलंय?’

या रोगाला मराठवाड्यात सर्वांत जास्त आधार या वाक्याचा आहे. माझी लेक जेमतेम चालायला लागली होती तेव्हा आमच्या घरात खरूज आली. तळपायांना पाणी भरलेले फोड. दिवसभर खेळायची, पण रात्री दिवा मालवला की तळपाय एकमेकांवर घासत रडायची. अंगावर पिता पिता मध्येच दूध सोडून मनगट ओरबाडायची. सकाळी चादरीवर रक्ताचे बारके ठिपके दिसायचे. डॉक्टरांनी आम्हाला नीट सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांनी लावा. मी घरी येऊन तसं सांगितलं. मामंजी म्हणाले, ‘मला कुठं खाजायलंय?’ दीर म्हणाले तेच. लेकीच्या बापानंही तेच म्हटलं. आत्याबाईंनी मात्र मुकाट्यानं हात पुढे केले, कारण त्यांच्या बोटांत आधीच खाज सुरू झाली होती आणि लाजेपायी त्या बोलल्या नव्हत्या.

खाज नाही म्हणजे लागण नाही, हा समज खोटा आहे. खाज सुटते ती किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्यावर आपलं शरीर चिडतं म्हणून. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर शरीराला चिडायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस माणूस निवांत झोपतो, घोरतो आणि शेजारच्या लेकराला किडा देत राहतो. ज्याला आधी एकदा खरूज होऊन गेली, त्याला दुसऱ्या वेळी दोन-चार दिवसांतच खाज सुटते. म्हणजे बरं झालेलं लेकरू बापाकडून पुन्हा लागण घेतं आणि बापाच्या आधी खाजवायला लागतं. मग घर म्हणतं, याचंच अंग तसलं. अंग तसलं नाही. बापानं मलम लावलं नाही.

आमच्या घरात ते शेवटी सगळ्यांनी लावलं. त्यासाठी मला आवाज चढवावा लागला आणि त्याची मला अजिबात खंत नाही.

रात्रीचं काम

मलम लावायचं म्हणजे काय, हे नीट कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. बहुतेक वेळा डॉक्टर ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. नखं आधी काढायची, कारण किडे आणि अंडी नखांखाली अडकतात. अंग कोरडं आणि गार हवं. मग गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे, जिथं पुरळ नाही तिथंही, मलमाचा पातळ हात फिरवायचा. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, काखा, बेंबी, जांघा, ढुंगणाची घडी, तळपाय. पुरळाच्या जागेवर ठिपके देऊन भागत नाही. तान्ह्या बाळांना आणि लहान लेकरांना डोक्याला, कानामागं आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळे आणि तोंड सोडून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा घरात गर्भारशीण असेल, तर औषध डॉक्टरांना विचारूनच.

मलम आठ ते बारा तास अंगावर राहायला हवं. मधे लेकराचे हात धुतले, शी धुतली, तर तेवढ्या भागाला पुन्हा लावायचं. लेकरू बोटं चोखत असेल तर हातांवर पायमोजे चढवायचे. अंगावर पाजणाऱ्या आईनं पाजण्याआधी स्तन धुवायचे आणि नंतर तिथं पुन्हा लावायचं. ओरबाडलेल्या जागी मलम झोंबतं आणि लेकरू रडतं. म्हणून एकानं धरायचं, एकानं लावायचं. हे काम एकट्या आईवर टाकणारं घर उपचार अर्धाच करतं.

साधारण आठवड्यानं हेच सगळं पुन्हा एकदा करायचं. पहिल्या वेळी एखादं अंडं वाचलं असेल तर त्यातून बाहेर आलेला किडा दुसऱ्या वेळी मरतो. आणि एक गोष्ट आधीच कळून असावी. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण मेलेले किडे कातडीतच असतात. एवढी खाज उरली म्हणून औषध फुकट गेलं असं समजून रोज रोज मलम चोपडू नका. त्यानं कातडी आणखी चिडते.

साबणाला दोष, आईला दोष

‘लेकराला धड न्हाऊ घालता येत नाही का?’ हे वाक्य खरजेच्या घरात सुनेला ऐकावंच लागतं. पाहुण्यांकडून, जावेकडून, कधी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईकडून. त्यांना सरळ सांगा, खरजेचा किडा कातडीच्या आत असतो, अंघोळीनं तो निघत नाही. रोज दोनदा न्हाऊ घातलेल्या बाळालाही खरूज होते. फ्लॅटमधल्या बाळाला होते, डॉक्टरांच्या घरातही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात कुठल्याही वेळी २० कोटींहून अधिक माणसांना खरूज असते. त्या सगळ्यांच्या आया आळशी नाहीत. या रोगाचं खरं खतपाणी दाटी आहे, एका खोलीत सात माणसं झोपावी लागणं आहे. घर लहान असणं हा आईचा गुन्हा नव्हे.

लाजेनं सर्वांत मोठं नुकसान केलं आहे. लाज वाटते म्हणून शेजारी सांगत नाही, मावशी सांगत नाही, लग्नघरात एका सतरंजीवर वीस लेकरं झोपतात आणि लग्नसराई संपता संपता खरूज चार गावांत पोचते. ताप आला की आपण लगेच सांगतो. खरूज आली तरी तसंच सांगावं.

पाणी नसेल तर वाकळ बांधा

पाण्याचा विषय लातुरात टाळता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, शहराचा पाणीपुरवठा कोलमडला, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. दहा टँकर, पाच लाख लिटर. ज्या घरात प्यायचं पाणी टिपाडात मोजून ठेवलं जातं, त्या घरातल्या आईला ‘सगळे कपडे आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवा’ असं सांगून मोकळं होणं म्हणजे तिला न जमणारं काम देऊन दोषही तिच्याच माथी मारणं आहे.

तिला सांगायला हवं ते वेगळं. माणसाच्या अंगापासून दूर पडलेला हा किडा साधारण दोन-तीन दिवसांतच मरतो. म्हणून मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, दुपटी जेवढी गरम पाण्यात धुता येतील तेवढी धुवावीत आणि कडक उन्हात वाळवावीत. जुन्या लुगड्यांची जाडजूड वाकळ एरवीही बादलीत मावत नाही. ती प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. थेंबभर पाणी लागत नाही. मात्र हे सगळं मलम लावायच्या दिवशीच करायचं. आज मलम आणि रविवारी वाकळ, असं केलं तर वाकळीतला किडा धुतलेल्या अंगावर परत येतो.

पाण्याची टंचाई खरजेत दुसऱ्या वाटेनं घात करते. ओरबाडलेल्या जखमा स्वच्छ राहत नाहीत आणि त्यांत पू होतो. पाणी थोडं असेल तर ते आधी लेकराच्या जखमा आणि मोठ्यांचे हात धुवायला वापरा. वाकळ थांबेल.

शाळेची नोटीस

अंगणवाडीत, बालवाडीत, इंग्रजी शाळेच्या नर्सरीत एक निरोप हमखास मिळतो, ‘पूर्ण बरं होईपर्यंत पाठवू नका.’ पूर्ण बरं म्हणजे कधी? डाग जायला महिना लागतो, खाजही तेवढीच रेंगाळते. नोकरीवाली आई किंवा सोयाबीनच्या खुरपणीला जाणारी आई महिनाभर घरी बसणार का? त्याची गरजही नाही. पहिल्या रात्रीचं औषध नीट लागलं की साधी खरूज असलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकतं. नाकातोंडाजवळ मधाच्या रंगाच्या खपल्यांचे लसणारे फोड असतील, तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे. त्यावर अँटिबायोटिक सुरू होऊन एक दिवस झाला की तेही लेकरू जाऊ शकतं, फक्त फोड झाकलेले हवेत.

शाळेनं लेकराला वेगळं बसवू नये. दारात उभं करून सगळ्यांसमोर हात तपासू नयेत. शाळेनं करायचं काम दुसरंच आहे. वर्गात एक लेकरू खाजवताना दिसलं तर सगळ्या पालकांना नाव न घेता निरोप द्यावा, की घरात कुणाला रात्रीची खाज आहे का ते बघा आणि असेल तर सगळ्या घरानं औषध घ्या. नाव घेऊन एका घराला लाजवलं की बाकीची घरं लपवायला शिकतात.

मेडिकलची तीन-गुणी ट्यूब

चिठ्ठीशिवाय मेडिकलवर गेलं की खाजेवर एक ठरलेली ट्यूब पुढे येते. तीत बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि एक जहाल स्टिरॉइड, तिन्ही एकत्र. लावल्यावर दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, आईला हायसं वाटतं. किडा मात्र जिवंत असतो. स्टिरॉइडनं फक्त शरीराचा राग दाबला. दबलेली खरूज मग वेगळ्याच रूपात पसरते आणि पुढच्या डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. नायट्याचंही हेच झालं आहे. असल्या मलमांनी नायटा इतका चिवट झाला की त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेला या गैरवापराविरुद्ध वेगळी मोहीम उघडावी लागली. केंद्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असं ठरवून दिलं. लहान लेकराची कातडी पातळ असते, औषध लवकर आत शोषलं जातं. तान्ह्या बाळाच्या जांघेत असली ट्यूब महिनाभर लावणं हा थेट धोका आहे.

मेडिकलवाल्यांनो, कायदा तुमच्यासमोर आहे आणि समोर उभी असलेली बाई तुमच्यावर विश्वास ठेवून आली आहे. तिला ट्यूब विकण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘घरात आणखी कुणाला खाज आहे?’ आणि दवाखान्यात पाठवा.

तसंच घरगुती अघोरी उपायांचं. रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल आणि सर्वांत घातक म्हणजे कापसावर, तुरीवर फवारायचं औषध. ‘किडाच आहे ना, मग किड्याचंच औषध’ हा हिशोब लेकराचा जीव घेऊ शकतो. शेतातली बाटली शेतातच राहू द्या.

नुसती खाज म्हणून सोडू नका

खरजेनं काय होतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी हा परिच्छेद. ओरबाडलेल्या कातडीतून जिवाणू आत शिरतात. फोडांत पू होतो, ताप येतो, जांघेत किंवा काखेत अवधाण येतं. त्यातल्या एका प्रकारच्या जिवाणूमुळे फोड सुकून गेल्यावर काही आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. सकाळी लेकराचे डोळे आणि चेहरा सुजलेला दिसला, लघवी कमी झाली, तिचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. लेकरू पीत नाही, मलूल पडलंय, लाली वेगानं पसरतेय, तरीही थांबू नका.

आणि झोप. रात्र रात्र न झोपलेलं लेकरू चिडचिडं होतं, नीट खात नाही. त्याच्याबरोबर आईही झोपत नाही. या न झालेल्या झोपेची नोंद कुठल्याही केस पेपरवर होत नाही.

आता सरकारकडे

सात माणसांच्या घराचा हिशोब मांडू. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागतं, लहान लेकराला त्याच्या निम्मं धरू. पाच मोठे आणि दोन लहान, म्हणजे एका रात्रीला १८० ग्रॅम. दोन रात्री, ३६० ग्रॅम. तीस ग्रॅमच्या बारा ट्यूबा. रोजंदारीवर जगणाऱ्या घरानं बारा ट्यूबा विकत आणायच्या का? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. ५ टक्के परमेथ्रिनचं मलम राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०२२ मध्ये त्या यादीत आयव्हरमेक्टिनची गोळी आली आणि जखमांवरचं म्युपिरोसिन मलमही आलं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रानं बारा ट्यूबा एका केस पेपरवर द्याव्यात, हे मागणं फार मोठं नाही.

माणसंही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत लेकरं तपासतात. त्यांच्या यादीत त्वचेचे आजार आहेत, पथकात औषधनिर्माताही असतो. त्यानं लेकरापुरती ट्यूब न देता घरातली डोकी विचारून ट्यूबा द्याव्यात. कुष्ठरुग्ण शोध अभियानात आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे बघतातच. त्याच वेळी बोटांची बेचकी बघायला आणखी एक मिनिट लागेल. त्या मिनिटाचा मोबदला आशाताईला द्या आणि नोंद ठेवा. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. त्यांच्या त्वचारोग विभागांनी दरवर्षी एकेक तालुका घेऊन खरूज मोजावी. मोजल्याशिवाय औषधाची मागणी नोंदवता येत नाही.

एकत्र औषध घेतल्यानं काय होतं, याचा पुरावा आहे. फिजीच्या एका बेटावर सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं गेलं. वर्षभरात खरजेचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. ही गोळी १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या लेकरांना आणि गर्भवतींना देत नाहीत, त्यांना मलमच. पण मोठ्यांसाठी ती सोयीची आहे. आपल्या राज्यालाही ती नवी नाही. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत ती इतर दोन औषधांबरोबर लोकांना दिली गेली. शेजारच्या गोव्यात तर मे २०२१ मध्ये कोरोनापासून बचाव म्हणून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ती देण्याची घोषणा झाली होती. जिथं उपयोग सिद्ध झाला नव्हता तिथं एवढी तत्परता दाखवता येते. मग जिथं उपयोग सिद्ध आहे, त्या खरजेसाठी एखाद्या तांड्याला, एखाद्या आश्रमशाळेच्या वसतिगृहाला, एकाच रात्री औषध का देता येत नाही?

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार तर कुणीच करत नाही. मुखेड, कंधार, जळकोटकडची कोयती दिवाळीनंतर हलतात. लेकरं बरोबर असतात, कोपीत सगळे एकाच पांघरुणात झोपतात. पहिली ट्यूब गावात मिळते आणि दुसऱ्या रात्रीच्या वेळी घर कारखान्याच्या फडात असतं. या घरांना दोन्ही वेळचं औषध गाव सोडण्याआधी हातात द्या आणि कारखान्याच्या तळावर, सगळ्या कोप्यांना एकाच रात्री लावून घ्या. टोळीची हजेरी मुकादमाकडे असते. तीच यादी औषधाला चालेल.

आज रात्री

डॉक्टरांनो, चिठ्ठीवर रोगाच्या नावाखाली घरातल्या माणसांची संख्या लिहा आणि तेवढं औषध लिहा. बाईंनो आणि गुरुजींनो, लेकराला वर्गात बसू द्या. पाहुण्यांनो, आईला अक्कल शिकवू नका, तिच्या हातातली बादली घ्या. आणि घरातल्या पुरुषांनो, खाज येईपर्यंत थांबू नका. जेवणं झाली की सदरा काढा, नखं काढा, मानेपासून तळपायापर्यंत मलम लावून घ्या आणि बायकोच्या पाठीला तुम्ही लावा. मग भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या आठवड्यातली हीच रात्र पेनानं गोल करून ठेवा.